संगणकाची स्मृती आणि मदरबोर्ड : खरेदीपूर्वी जुळणीचा विचार

राज्यातील ग्रामपंचायतींत संगणक पोहोचला तो मुख्यत्वे २०११ साली सुरू झालेल्या ‘संग्राम’ प्रकल्पामुळे. पुढे २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी ते काम हाती घेतले. शाळांतही याच सुमारास संगणक कक्ष उभे राहिले. आज जन्म-मृत्यूच्या दाखल्यापासून विद्यार्थ्यांच्या निकालपत्रापर्यंत बहुतेक कामे या यंत्रावर अवलंबून आहेत. तथापि दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले अनेक संगणक आता मंदावले आहेत. सकाळी यंत्र सुरू करून चहा घेऊन यावे, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असते, असा अनुभव अनेक कार्यालयांत येतो. अशा वेळी जाणकार म्हणविणारा कोणीही एकच सल्ला देतो, ‘रॅम वाढवा.’

हा सल्ला पुष्कळदा बरोबर असतो, पण तो अपुरा असतो. रॅम, म्हणजेच संगणकाची कार्यस्मृती, ही किती जीबी एवढेच सांगून तेलासारखी मापाने घेण्याची वस्तू नव्हे. एका यंत्रात चालणारी आठ जीबीची पट्टी शेजारच्या यंत्रात बसतसुद्धा नाही आणि कधी कधी बसते पण यंत्र सुरूच होत नाही. सोयगाव तालुक्यातील एखाद्या शिक्षकाने सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास करून छत्रपती संभाजीनगरला यावे, निराला बाजार किंवा उस्मानपुऱ्यातील दुकानातून ‘आठ जीबी’ची पट्टी न्यावी आणि गावी गेल्यावर तिची खाच जुळत नाही असे दिसावे, तर दिवस गेला, प्रवासखर्च गेला आणि पट्टी परत घेण्याबाबत दुकानदाराशी वाद उभा राहिला. ही पाळी टाळणे अवघड नाही. पट्टीची निवड ग्राहक करीत नाही, दुकानदारही करीत नाही. ती यंत्रातील मदरबोर्डने आणि प्रोसेसरने आधीच करून ठेवलेली असते. ती वाचून घेणे एवढेच आपले काम.

स्मृतीचे काम कसे चालते

संगणकात माहिती ठेवण्याच्या जागा दोन. हार्ड डिस्क किंवा एसएसडी ही कपाटासारखी असते. वीज गेली तरी तेथील कागद जागेवर राहतात. रॅम म्हणजे लिपिकासमोरचे टेबल. ज्या फायलीवर या क्षणी काम चालू आहे ती टेबलावर हवी. टेबल लहान असेल तर दर थोड्या वेळाने उठून कपाटाकडे जावे लागते. यंत्राचा मंदपणा पुष्कळदा या येरझाऱ्यांमुळे निर्माण होतो.

आजच्या रॅममधील प्रत्येक कोशात एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर आणि एक सूक्ष्म कपॅसिटर असतो. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असेल तर एक आणि नसेल तर शून्य, असा संकेत असतो. हा भार पाझरणाऱ्या मडक्यातील पाण्यासारखा सतत गळत असतो. म्हणून सामान्यतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कोश वाचून पुन्हा भरावा लागतो. हे भरणे, वाचणे, लिहिणे या सर्वांची वेळ सांभाळणारा भाग म्हणजे स्मृतिनियंत्रक. पूर्वी तो मदरबोर्डवरील एका स्वतंत्र चिपमध्ये असे. एएमडी कंपनीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये तो आपापल्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या पोटात घेतला. त्यामुळे आजची जुळणी ही दोघांतली राहिलेली नाही. प्रोसेसरला कोणती मेमरी कळते, मदरबोर्डवर कोणते खण आहेत आणि पट्टी कोणत्या जातीची आहे, या तिन्हींचा मेळ बसावा लागतो.

या प्रगतीचे मोजमाप करावयाचे तर महाराष्ट्रातच घडलेले एक उदाहरण पुरेसे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी प्रयत्नाने बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये रीतसर कार्यान्वित झाला. त्याची स्मृती बारीक चुंबकीय कड्यांची होती आणि तीत ४० अंकांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या हिशेबाने ही स्मृती अवघी दहा किलोबाइट भरते. खिशात मावणाऱ्या आठ जीबीच्या पट्टीत त्याच्या आठ लाख पटींहून अधिक माहिती राहते. टिफ्रॅकच्या बांधणीत निवडीचा प्रश्न नव्हता. सर्व भाग त्या एकाच यंत्रासाठी तयार झाले होते. १९८४ मध्ये केंद्र शासनाच्या ‘क्लास’ प्रकल्पातून देशातील निवडक शाळांना जे बीबीसी मायक्रो संगणक मिळाले, त्यांतही स्मृती घट्ट ठरलेली असे. सुटे भाग वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेऊन यंत्र जुळविण्याची पद्धत १९८१ च्या आयबीएम पीसीनंतर रुळली, आणि तिच्याबरोबरच काय कशाशी जुळते हा प्रश्न सामान्य ग्राहकाच्या दारी आला. आपल्याकडे ‘असेंबल्ड’ या नावाने ओळखला जातो तो हाच संगणक.

पिढ्या आणि खाचा

डेस्कटॉप संगणकातील रॅम गेल्या दोन दशकांत पिढ्यापिढ्यांनी बदलत आली. डीडीआर-२ साधारण २००३ पासून, डीडीआर-३ २००७ पासून, डीडीआर-४ २०१४ पासून वापरात आली. डीडीआर-५ चे प्रमाण २०२० मध्ये ठरले आणि सामान्य ग्राहकाच्या संगणकात ती पुढल्या वर्षाच्या अखेरीस दिसू लागली. ही प्रमाणे ‘जेडेक’ नावाची आंतरराष्ट्रीय संघटना ठरविते. म्हणूनच निरनिराळ्या कंपन्यांच्या पट्ट्या एकाच खणात चालू शकतात.

प्रत्येक पिढीचा विजेचा दाब वेगळा आहे. डीडीआर-२ ला १.८ व्होल्ट, डीडीआर-३ ला १.५, डीडीआर-४ ला १.२ आणि डीडीआर-५ ला १.१ व्होल्ट लागतात. डीडीआर-५ मध्ये तर दाब सांभाळणारी चिप मदरबोर्डवरून उठून पट्टीवरच आली आहे. एका पिढीची पट्टी दुसरीच्या खणात चुकून बसू नये म्हणून सोनेरी दातांच्या ओळीतील खाच प्रत्येक पिढीत थोडी सरकविलेली असते. डीडीआर-२ व डीडीआर-३ या दोहोंना २४० दात, डीडीआर-४ व डीडीआर-५ या दोहोंना २८८ दात. पण खाच एका जागी नाही. दात मोजून पट्टी ओळखता येते असे समजणाऱ्यांची येथेच फसगत होते. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नये. खाच अडत आहे याचा अर्थच पिढी चुकली आहे.

डीडीआर-३ च्या घरात आणखी एक धाकटी पाती आहे. डीडीआर-३-एल या जातीला १.३५ व्होल्ट पुरतात. ही पट्टी सहसा जुन्या दीड व्होल्टच्या बोर्डवर चालते. उलट दीड व्होल्टची पट्टी डीडीआर-३-एल मागणाऱ्या बोर्डवर लावू नये. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी निघालेल्या काही स्वस्त मदरबोर्डांवर डीडीआर-३-एल चे खण आहेत, तर त्याच नावाशी मिळत्याजुळत्या इतर बोर्डांवर डीडीआर-४ चे. केवळ प्रोसेसरची पिढी विचारून पट्टी देणाऱ्या दुकानदाराकडून येथे चूक होऊ शकते.

खाच जुळूनही न चालणाऱ्या पट्ट्या

खाचेमुळे पिढीची चूक लगेच कळते, हे ठीक. खरा घात होतो तो खाच जुळूनही न चालणाऱ्या पट्ट्यांमुळे, आणि जुन्या मालाच्या बाजारात त्या भरपूर असतात.

मोठ्या संस्थांतील सर्व्हर जुने झाले की त्यांतील मेमरी स्वस्तात विक्रीस येते. ही मेमरी बहुधा ‘रजिस्टर्ड’ जातीची असते. म्हणजे पट्टीवर संदेशांना मध्ये थोपवून पुढे पाठविणारी एक अधिकची चिप असते. डीडीआर-४ मध्ये अशा पट्टीची खाच साध्या पट्टीसारखीच असल्याने ती शाळेतील किंवा घरातील संगणकात सुबकपणे बसते, पण पडद्यावर काहीही येत नाही. किंमत निम्म्याहून कमी सांगितली जात असेल तर प्रथम हीच शंका घ्यावी. ओळखण्याची खूण पट्टीवरील चिठ्ठीतच असते. ‘पीसी४-२६६६व्ही-यूए२’ अशा मजकुरात शेवटच्या गटाचे पहिले रोमन अक्षर पाहावे. ‘यू’ असेल तर साधी डेस्कटॉपची, ‘एस’ असेल तर लॅपटॉपची, ‘आर’ असेल तर सर्व्हरची रजिस्टर्ड, ‘ई’ असेल तर चूक सुधारणाऱ्या ईसीसी जातीची. एक अक्षर वाचले तर पैसे वाचतात.

दुसरा प्रकार जुन्या यंत्रांबाबत घडतो. एका पट्टीची क्षमता वाढविण्यासाठी तीवरील प्रत्येक चिप अधिक घन करावी लागते. जुन्या स्मृतिनियंत्रकाला अमुक घनतेपलीकडची चिप ओळखताच येत नाही. त्यामुळे कोअर-टू-ड्युओ काळातील बोर्डावर नवी, मोठी पट्टी लावली तर यंत्र ती अर्धीच दाखविते किंवा सुरूच होत नाही. ‘फक्त एएमडी बोर्डासाठी’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या स्वस्त डीडीआर-२ व डीडीआर-३ पट्ट्यांचे इंगितही हेच. त्या बनावट असतात असे नव्हे, पण इंटेलच्या बोर्डावर त्यांचा उपयोग नाही.

तिसरी बाब साधी असूनही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पडदा आणि संगणक एकाच सांगाड्यात असलेली ऑल-इन-वन यंत्रे आणि मॉनिटरच्या पाठीशी टांगता येणारे छोटे संगणक हे दिसायला कार्यालयीन संगणक असले तरी त्यांत बहुधा लॅपटॉपची आखूड पट्टी लागते. आणि अलीकडच्या अनेक पातळ लॅपटॉपांत तर मेमरी मदरबोर्डवर डाख देऊन पक्की केलेली असते. तेथे वाढविण्याचा प्रश्नच नाही. जेवढी हवी तेवढी खरेदीच्या वेळीच घ्यावी लागते.

घरून निघण्यापूर्वी काय टिपून घ्यावे

मदरबोर्डचे नाव व क्रमांक बहुतेक वेळा बोर्डवरच ठळक छापलेला असतो. पेटी उघडावयाची नसेल, किंवा यंत्र देखभालीच्या कराराखाली असल्याने उघडता येत नसेल, तर विंडोजमधील ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ या पानावर ‘बेसबोर्ड’ या नोंदीसमोर तोच क्रमांक मिळतो. ‘टास्क मॅनेजर’मधील मेमरीच्या पानावर एकूण क्षमता, वेग, किती खणांपैकी किती भरले आहेत आणि पट्टी लांब की आखूड, हे दिसते. लिनक्स वापरणाऱ्यांना ‘डीएमआय-डिकोड’ ही आज्ञा देऊन हाच तपशील घेता येतो. या माहितीचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवले तरी पुरे. जुनी पट्टी काढून सोबत नेता आली तर त्याहून उत्तम.

मदरबोर्डचा क्रमांक हाती आला की उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत चार गोष्टी पाहाव्यात. मेमरीची पिढी कोणती, खण किती, एका खणात जास्तीत जास्त किती जीबी आणि एकूण मर्यादा किती. बहुतेक उत्पादक आपण प्रत्यक्ष तपासून पाहिलेल्या पट्ट्यांची यादीही देतात. या यादीत नसलेली पट्टी चालणार नाही असे मुळीच नाही. मात्र यादीतील पट्टी घेतली तर वादाला जागा राहत नाही.

वेगाबाबत फार चिंता करण्याचे कारण नाही, असे व्यवहारात आढळते. ३२०० वेगाची डीडीआर-४ पट्टी २४०० च्या बोर्डावर लावली तर ती २४०० नेच चालते, बिघडत नाही. दोन वेगळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर दोन्ही कमी वेगाने चालतात, बैलजोडीत चालावे तसे. खिडकीवर लिहिलेला मोठा वेग पुष्कळदा बायॉसमध्ये ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्स्पो’ ही सोय चालू केल्याशिवाय मिळत नाही आणि कमी किमतीच्या अनेक बोर्डांवर तो पूर्णपणे मिळतही नाही. कार्यालयीन कामासाठी त्या वेगावर जादा पैसे खर्चण्यात अर्थ नाही.

शाळेतील एका जुन्या यंत्राचा हिशेब

समजा, वैजापूर तालुक्यातील एका शाळेत २०१२ च्या सुमारास घेतलेले दहा संगणक आहेत. बोर्डावर एच-६१ ही चिप, प्रोसेसर इंटेलच्या तिसऱ्या पिढीचा, दोन खण, त्यांपैकी एकात दोन जीबीची डीडीआर-३ पट्टी आणि दुसरा रिकामा. या बोर्डाची मर्यादा १६ जीबी, म्हणजे प्रत्येक खणात आठ. शाळेच्या गरजेला आठ जीबी पुरेसे आहेत. ते चार-चारच्या दोन पट्ट्यांनी केले तर स्मृतीचे दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरले जातात आणि काम अधिक सुरळीत होते. रिकाम्या खणात आठची एकच पट्टी टाकून दोनची तशीच ठेवली तरी चालते, पण फायदा कमी.

येथे खरेदीआधी दोन गोष्टी तपासल्या पाहिजेत. पहिली, यंत्रातील विंडोज ३२ अंकी आहे काय. तशी असेल तर चार जीबीच्या वर लावलेली मेमरी तिला दिसतच नाही आणि सर्व खर्च वाया जातो. आधी ६४ अंकी प्रणाली बसवावी लागते. दुसरी, मंदपणाचे कारण खरोखर मेमरी आहे काय. नेहमीची कामे चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी साठ-सत्तर टक्क्यांपलीकडे जात नसेल आणि डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर अडून असेल, तर दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. तेथे लहानशी एसएसडी बसविल्याने जो फरक पडतो तो दुप्पट मेमरीनेही पडत नाही. संगणक विक्रेते मेमरीची शिफारस सहज करतात. हे दुसरे निदान मात्र ग्राहकालाच करावे लागते.

आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. विंडोज १० ला मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तिसऱ्या पिढीचे यंत्र कितीही मेमरी घातली तरी त्या निकषात बसत नाही. म्हणून नागरिकांची माहिती हाताळणाऱ्या कार्यालयीन यंत्रासाठी अशा बोर्डावर नवा खर्च करणे योग्य नव्हे. विद्यार्थ्यांच्या सरावाची गोष्ट वेगळी. तेथे उबुंटू किंवा सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली घालून, दहापैकी दोन मोडक्या यंत्रांच्या पट्ट्या उरलेल्या आठांत वाटून, अत्यल्प खर्चात कक्ष पुन्हा चालू होऊ शकतो. डीडीआर-३ च्या जुन्या पट्ट्या अशा देवघेवीसाठीच जपून ठेवाव्यात.

नवा संगणक घरी जुळविताना

अभियांत्रिकी पदविकेला किंवा बी.सी.ए. ला प्रवेश घेतलेल्या मुलासाठी सुटे भाग आणून घरी संगणक जुळविण्याची आवड छत्रपती संभाजीनगरात चांगलीच रुजली आहे. शहरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, शासकीय तंत्रनिकेतन आणि विद्यापीठाच्या परिसरातील ‘नायलिट’ केंद्र अशा संस्था असल्याने हाताने काम करणारे विद्यार्थी विपुल आहेत. नायलिटचे हे केंद्र पूर्वी सीईडीटीआय या नावाने ओळखले जाई.

नवी जुळणी करताना प्रथम मेमरी किंवा बोर्ड नव्हे, तर प्रोसेसरचा खण ठरवावा. एएमडीचा एएम-४ हा खण केवळ डीडीआर-४ घेतो आणि २०२२ मध्ये आलेला एएम-५ केवळ डीडीआर-५. येथे संभ्रमाला वाव नाही. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचा एलजीए-१७०० हा खण मात्र दोन्ही घरचा आहे. प्रोसेसरला दोन्ही मेमरी कळतात, पण एका बोर्डवर बहुधा त्यांपैकी एकीचेच खण असतात. असूस कंपनीच्या ‘प्राइम एच६१०एम-के’ या नावापुढे ‘डी४’ ही दोन चिन्हे असली तर तो डीडीआर-४ चा. गिगाबाइटही ‘एच६१०एम एच’ या नावापुढे ‘डीडीआर४’ असे जोडते. ही शेपटी न वाचता बोर्ड आणि मेमरी दोन वेगवेगळ्या दुकानांतून घेतली तर जुळणी फसण्याची शक्यता मोठी. २०२४ मध्ये आलेल्या इंटेलच्या एलजीए-१८५१ या खणाला डीडीआर-५ च लागते.

मग घ्यावे काय? घरात चांगल्या डीडीआर-४ पट्ट्या शिल्लक असतील तर त्यांच्यासाठी बोर्ड शोधणे शहाणपणाचे आहे. सर्वच भाग नवे घ्यावयाचे असतील आणि पाच-सहा वर्षांनी प्रोसेसर बदलण्याचा विचार असेल, तर डीडीआर-५ चा बोर्ड घेणे दूरदृष्टीचे ठरेल. एएम-४ आणि एलजीए-१७०० या खणांसाठी पुढची नवी पिढी यायची राहिलेली नाही. मात्र २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरीच्या किमती झपाट्याने चढल्या. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या जगातील प्रमुख उत्पादकांनी आपली क्षमता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना लागणाऱ्या महाग मेमरीकडे वळविली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ग्राहकांसाठीच्या ‘क्रुशियल’ या नाममुद्रेचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. याचा धक्का तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचतो. अशा काळात चुकीची पट्टी घेणे पूर्वीपेक्षा अधिक महाग पडते, आणि आज १६ जीबी घेऊन खण मोकळा ठेवणारा बोर्ड निवडणे हे एकदम ३२ जीबी घेण्यापेक्षा सोयीचे ठरू शकते.

स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात पडद्यावरील चित्रासाठीही हीच मेमरी वापरली जाते. तेथे एका मोठ्या पट्टीऐवजी दोन समान पट्ट्या लावल्याने स्पष्ट फरक पडतो. ३२०० वेगाच्या एका डीडीआर-४ मार्गावरून सेकंदाला २५.६ जीबी माहिती जाऊ शकते. दोन मार्ग चालू झाले की हे प्रमाण दुप्पट होते. चार खणांच्या बोर्डावर दोन पट्ट्या लावताना त्या प्रोसेसरकडून मोजून बहुधा दुसऱ्या व चौथ्या खणात लावतात. पुस्तिकेत तसे चित्र असते. चारही खण भरण्याची घाई करू नये. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत दोन पट्ट्यांसाठी ५२०० असलेला अधिकृत वेग चार पट्ट्यांवर ३६०० पर्यंत उतरतो.

मागणीपत्र कसे असावे

शासकीय ई-बाजारपेठेवरून, म्हणजे जीईएमवरून, अथवा स्थानिक दरपत्रके मागवून खरेदी करताना मागणीपत्रात ‘रॅम ८ जीबी, नग १०’ एवढेच लिहिण्याची प्रथा आढळते. अशा मागणीला कोणतीही पट्टी पुरवून पुरवठादार मोकळा होतो आणि लेखापरीक्षणात उत्तर द्यावे लागते ते मुख्याध्यापकाला किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याला. त्याऐवजी मजकूर पुढीलप्रमाणे असावा : ‘डेस्कटॉप संगणकासाठी ८ जीबी क्षमतेची डीडीआर-४ पट्टी, २८८ दातांची, अनबफर्ड, ईसीसी-विरहित, १.२ व्होल्ट, वेग २६६६ किंवा अधिक. कार्यालयातील अमुक कंपनीच्या अमुक क्रमांकाच्या मदरबोर्डवर बसवून पूर्ण क्षमता दाखवून देणे बंधनकारक. न चालल्यास विनाशुल्क बदलून देणे आवश्यक.’ दोन ओळी वाढतात, पण जबाबदारी पुरवठादाराकडे जाते. जडसंग्रह नोंदवहीतही ‘संगणक संच १’ यापुढे मदरबोर्डचा क्रमांक, मेमरीची पिढी आणि मोकळे खण लिहून ठेवले तर पुढच्या अधिकाऱ्याला पेटी उघडावी लागणार नाही.

बसविताना

वीज बंद करून वायर काढावी आणि पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थिरविद्युत उतरवावी. मराठवाड्यातील कोरड्या हवेत, विशेषतः हिवाळ्यात आणि कडक उन्हाळ्यात, ही खबरदारी अनाठायी नाही. बोटाला न जाणवणारी ठिणगीही चिपला पुरते. पट्टी कडेने धरावी, सोनेरी दातांना स्पर्श करू नये, आणि दोन्ही टोकांच्या चापांचा आवाज येईपर्यंत सरळ दाबावी. एका बाजूने अर्धवट बसलेली पट्टी हे ‘नवी रॅम खराब निघाली’ या तक्रारीचे सर्वांत सामान्य कारण आहे. जुन्या पट्टीच्या दातांवर धुळीचा व काळसरपणाचा थर असेल तर मऊ खोडरबराने हलकेच पुसण्याची तंत्रज्ञांची रीत उपयोगी पडते.

डीडीआर-५ च्या नव्या संगणकात पहिल्यांदा वीज दिल्यावर काही मिनिटे पडदा काळाच राहतो. त्या वेळात नियंत्रक पट्टीशी वेळेचा मेळ घालीत असतो. यंत्र बंद पडले असे समजून कळ दाबण्याची घाई येथे करू नये. जुन्या संगणकात मात्र मेमरी जुळली नाही तर वारंवार बीप असा आवाज येतो, किंवा बोर्डवरील ‘ड्रॅम’ असे लिहिलेला दिवा पेटून राहतो. अशा वेळी एकच पट्टी ठेवून, खण बदलून पाहावे. यंत्र सुरू झाल्यावर विंडोजमधील मेमरी तपासणी किंवा ‘मेमटेस्ट’ हा कार्यक्रम रात्रभर चालवून एकही चूक निघाली नाही तरच पुरवठादाराच्या देयकावर सही करावी.

काढलेल्या पट्ट्या रद्दीत टाकू नयेत. चालू असतील तर पाकिटावर पिढी, क्षमता व वेग लिहून ठेवाव्यात. निकामी असतील तर ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे त्या देऊन पावती फायलीस लावावी.